बिनसहीचे वाङ्मय

गेल्या कोजागरीस जबलपुरातील काही मराठी कुटुंबे एका सहकाऱ्याच्या क्वार्टरच्या गच्चीवर जमली होती. दूध आटेपर्यंत गप्पांस राजकारणाखेरीज विषय मिळत नाही, हा बृहन्महाराष्ट्रातील सार्वत्रिक अनुभव आहे. लेखा खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "महाराष्ट्रात आता राजकीय वक्तृत्व उरले नाही. बरेचसे अत्र्यांबरोबर गेले, राहिलेले बाळासाहेबांबरोबर गेले. आता हातात उरला आहे तो मोबाईल." सर्वांनी माना डोलावल्या, आम्हीही डोलावली. घरी परतताना मात्र ही मान आपण विचार न करता डोलावली असे वाटू लागले. हा लेख त्याच टोचणीतून लिहिला आहे.

विषयास हात घालण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरास १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पाचवा नियम राजकीय पक्षाशी संबंध ठेवू देत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा कोणता पक्ष बरा व कोणता वाईट याची चर्चा येथे मिळणार नाही. आमचा अधिकार, असलाच तर, वाचकाचा व श्रोत्याचा आहे. राजकीय प्रचार हे एक प्रकारचे वाङ्मयच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीची चर्चा आपली समीक्षा आदराने करते. मग आज खेड्यापाड्यांतून व परप्रांतांतून मराठी माणसे जे रोज ऐकतात, पाहतात आणि पुढे ढकलतात, ते तुकडे समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण कोणते?

जुन्या सभेचे रूप प्रथम आठवून पाहावे. आचार्य अत्रे शिवाजी पार्कवर बोलत आणि १९५६ च्या नोव्हेंबरात निघालेल्या त्यांच्याच 'मराठा'त त्या विषयाचे पडसाद उमटत. सभेत श्रोता दोन-दोन तास बसलेला असे. वक्ता विषयांतर करी, हशा पिकवी, मध्येच कोणाचा तरी उद्धार करी आणि फिरून मूळ मुद्द्यावर येई. श्रोत्यांतून आलेल्या एखाद्या आरोळीने भाषणाची दिशाही बदले. म्हणजे सभा ही दोघांनी मिळून रचलेली कृती असे. तिला आरंभ होता व शेवट होता, आणि मुख्य म्हणजे तिला एक कर्ता होता. चुकले तर लोक त्याच्याच दारी जात.

या सभेचा व नव्या साधनांचा सांधा जेथे अत्यंत यशस्वीपणे जुळला, ते उदाहरण आमच्या मते २०१९ च्या लोकसभा निवडणुकीतील राज ठाकरे यांच्या सभा होत. त्यांच्या पक्षाने त्या निवडणुकीत एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरीही नांदेड, सोलापूर, कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक अशा ठिकाणी त्यांच्या सभांस जी गर्दी लोटली, ती उमेदवार असलेल्या अनेकांस लाभली नसेल. व्यासपीठाच्या बाजूस मोठा पडदा असे. बोलता बोलता वक्ता थांबे आणि "लाव रे तो व्हिडिओ" अशी आज्ञा देई. पडद्यावर पंतप्रधानांचे जुने भाषण दिसे, किंवा एखादी सरकारी जाहिरात दिसे, आणि तिच्या पाठोपाठ वक्त्याची टीका येई.

हे चार शब्द वाङ्मयीन दृष्ट्या न्याहाळण्यासारखे आहेत. 'लाव रे' हे घरातील बोलणे आहे. धाकट्या भावास अथवा कार्यकर्त्यास सांगावे तसे ते हजारोंच्या सभेत सांगितले जाते आणि त्यामुळे सभा एकदम घरची होते. 'तो' या दर्शक सर्वनामात श्रोत्यास सामील करून घेण्याची युक्ती आहे. तो म्हणजे कोणता हे जणू सर्वांस आधीच ठाऊक आहे. कीर्तनकार पूर्वरंगातील सिद्धांत मांडून उत्तररंगात आख्यान लावतो, तद्वत् येथे विधान आधी व दाखला नंतर असा क्रम होता. मराठी श्रोत्यास हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचित असल्याने नवे यंत्र त्यास परके वाटले नाही.

सोलापूरच्या सभेत याचा कळस झाला. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, धारणी तालुक्यात, हरिसाल नावाचे गाव आहे. डिजिटल गाव म्हणून त्याची मोठी जाहिरात झाली होती. त्या गावात प्रत्यक्षात काय आहे व काय नाही याची चित्रफीत ठाकरे यांनी दाखविली आणि जाहिरातीत लाभार्थी म्हणून झळकलेल्या तरुणासच व्यासपीठावर उभे केले. पडद्यावरचा माणूस पडद्यातून उतरून शेजारी उभा राहावा, हा नाट्यप्रयोग कोणत्याही नाटककारास हेवा वाटावा असाच होता. त्यातील आरोप कितपत योग्य होते याचा निवाडा आम्ही करीत नाही. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. चित्रफीत दाखविणारा तेथे स्वतः उभा होता आणि ही फीत मी दाखवीत आहे असे नावानिशी सांगत होता. म्हणूनच तिला उत्तर देता आले. भाजपचे आशिष शेलार यांनी मुंबईत "बघाच तो व्हिडिओ" म्हणत आपल्या चित्रफिती दाखविल्या आणि ठाकरे यांच्या काही दाखल्यांवर आक्षेप घेतले. वादी-प्रतिवादी दोघेही उभे आहेत, पुरावा पडद्यावर आहे आणि पंच समोर बसले आहेत, असा तो देखावा होता. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीस मिळाल्या. तेव्हा 'लाव रे' चा परिणाम काय झाला, असे छद्मीपणाने विचारणारे तेव्हाही पुष्कळ होते. मतपेटी हे टीकाकाराचे मोजमाप नव्हे, एवढेच त्यांस सांगता येईल. पुढे २०२४ च्या गुढीपाडव्यास ठाकरे यांनी त्याच पंतप्रधानांस बिनशर्त पाठिंबा जाहीर केला आणि २०१९ मधील त्यांचेच तुकडे लोकांनी त्यांच्यावर लावले. ज्याने व्हिडिओ लावावयास शिकविले त्यालाच तो पाहावा लागला. पण हेही घडू शकले ते त्या तुकड्यांवर त्यांचे नाव होते म्हणूनच.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीतील दुसरे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलत राहिले. ते दृश्य त्या रात्रीच देशभर गेले. जबलपुरात आमच्या कार्यालयातील हिंदी भाषक सहकाऱ्यांनी सकाळी ते आम्हांसच दाखविले. त्याबरोबरच झालेल्या साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांचा पराभव केला आणि जाणत्यांनी त्याचे श्रेय पावसास दिले. आता वाचकांनी स्वतःस एक प्रश्न विचारून पाहावा: त्या भाषणात पवार काय म्हणाले? बहुतेकांस आठवणार नाही. लोकसभेच्या वेळी उमेदवार निवडताना आपल्या हातून चूक झाली, असे त्यांनी तेथे जाहीरपणे कबूल केले होते. भारतीय राजकारणातील इतके दुर्मिळ वाक्य बोलले गेले आणि ते पावसात वाहून गेले. राहिला तो भिजलेला सदरा. चित्राने शब्दाचा विजय साजरा केला व शब्दासच घरी ठेवले.

जबलपुरात राहणाऱ्यांस चित्राची ही महती नवी वाटू नये. येथून जवळच त्रिपुरी येथे मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणले होते. बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली ती त्यांची तसबीर घेऊन. त्यांचे भाषणही दुसऱ्यानेच वाचून दाखविले. म्हणजे नेत्याच्या जागी नेत्याचे चित्र फिरविण्याची कला आपल्याकडे मोबाईलहून कितीतरी जुनी आहे. तथापि वाचले गेलेले भाषण कोणाचे, याविषयी त्या मंडपात कोणास शंका नव्हती.

नव्या साधनांचा एक उपकार मात्र मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे आणि गच्चीवरच्या त्या गृहस्थांस आमचे उत्तरही तेच आहे. वृत्तपत्रांच्या काळी पुढाऱ्याचे भाषण छापून येई ते प्रमाण मराठीत धुऊन, इस्त्री करून. सांगोल्याचा वक्ता आणि सावनेरचा वक्ता छापील स्तंभात एकाच तोंडाने बोलत. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी आपल्या एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर केलेले बोलणे बाहेर फुटले आणि "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हे शब्द आठवड्याभरात मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर बसले. राज्यातील सरकार कोसळत असताना एक आमदार हिरवळीचे वर्णन करतो, यातील उपरोध त्यांनी योजिलेला नव्हता. पण माणदेशी बोलीची ती लय, दुष्काळी मुलखातील माणसाने झाडीकडे पाहून काढलेला तो उद्गार, हे अस्सल होते. छापखान्याच्या काळात 'डोंगार'चा 'डोंगर' झाला असता आणि सारा जीव गेला असता. वऱ्हाडी, अहिराणी, माणदेशी अशा बोलींस राजकारणाच्या दरबारात नव्याने आसन मिळाले ते या ध्वनिफितींमुळेच. (प्रसिद्धी म्हणजे मते नव्हेत, हेही येथे दिसले, २०२४ मध्ये शहाजीबापू पराभूत झाले.)

पण दोनच वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात, महाराष्ट्राच्या विधानसभेची निवडणूक गाजली ती कोणत्या घोषणांवर? "बटेंगे तो कटेंगे" आणि "एक हैं तो सेफ हैं". पहिली योगी आदित्यनाथ यांची, दुसरी पंतप्रधानांनी धुळ्याच्या सभेत दिलेली. पहिलीच्या आशयास सत्ताधारी आघाडीतीलच अजित पवार यांनी जाहीर असहमती दर्शविली होती. तो वाद आम्ही बाजूस ठेवतो. आम्हांस खटकली ती भाषा. महाराष्ट्राच्या निवडणुकीची घोषणा हिंदीत का असावी? याचे उत्तर भावनेत शोधण्यापेक्षा साधनात शोधावे. त्याच सुमारास झारखंडातही मतदान होते. सभेतील वाक्य सभेपुरते असते तेव्हा ते त्या गावाच्या भाषेत बोलावे लागते. तुकडा मात्र धुळ्याहून रांचीस आणि रांचीहून जबलपुरास जावयाचा असतो, तेव्हा तो सर्वत्र खपेल अशा भाषेत घडविला जातो. वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्राची बातमी आम्हां परप्रांतस्थांस चार दिवस शिळ्या मराठी वृत्तपत्रातून मिळे. आता ती क्षणात मिळते, पण हिंदीत.

आमच्या मते या काळातील सर्वांत प्रभावी राजकीय संदेश ना चित्रफीत आहे, ना घोषणा. तो बँकेकडून येणारा एक ओळीचा निरोप आहे. १० जून २०२३ रोजी याच जबलपुरातून मध्य प्रदेशच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी 'लाडली बहना' योजनेचा पहिला, एक हजार रुपयांचा, हप्ता राज्यातील स्त्रियांच्या खात्यांत पाठविला. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन पुढे करून "भैया, पढ़ दीजिए" म्हटले. आम्ही वाचून दाखविले. त्यात नेत्याचे नाव नव्हते, पक्षाचे नव्हते, एक विशेषणही नव्हते. रक्कम, तारीख व खात्याचे शेवटचे चार आकडे, एवढेच. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते दोन तासांचे भाषण उमटवू शकेल काय, याची आम्हांस शंका आहे. पुढील वर्षी महाराष्ट्रात हीच कल्पना 'माझी लाडकी बहीण' या नावाने दीड हजार रुपयांसह आली. 'लाडली'ची 'लाडकी' होताना एक 'माझी' जोडली गेली आणि त्या सर्वनामाने शासन घराच्या उंबऱ्याच्या आत आले. हा 'मी' कोण, हे मात्र नावात मोकळे ठेवलेले आहे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. आम्ही कारकून आहोत; सहीवाचून कागद पुढे सरकत नाही, हे आमचे पहिले शास्त्र. साध्या टिप्पणीखाली आद्याक्षरे व तारीख नसेल तर वरचा अधिकारी ती परत पाठवितो. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असा केंद्रीय दक्षता आयोगाचा दंडक आहे. निवडणुकीच्या कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये १२७-अ हे कलम घालण्यात आले. निवडणुकीच्या प्रत्येक छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेत. शिवाय प्रकाशकाने आपल्या ओळखीचे निवेदन स्वतःच्या सहीने व त्यास व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीने मुद्रकास दिले पाहिजे. भिंतीवर डकविलेल्या दोन दमडीच्या पत्रकासाठी दोन साक्षीदार! ज्यांनी हे कलम लिहिले त्यांस शब्दाची ताकद नीट ठाऊक होती. निवडणूक आयोगाने २०१३ पासून उमेदवारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती व तेथील जाहिरातींस पूर्वमान्यता आवश्यक केली, हे खरे. परंतु ज्या मजकुरास जाहिरात म्हणत नाहीत, ज्यास खाते नाही, जो मामाकडून भाच्याकडे व भाच्याकडून मेव्हण्याकडे जातो, त्याखाली मुद्रक म्हणून कोणाचे नाव घालावे?

या संदेशाची खरी शक्ती येथेच आहे. तो कोणी लिहिला हे कळत नाही, पण कोणी पाठविला हे कळते, आणि पाठविणारा आपला असतो. मामांवरचा विश्वास मजकुरास आपोआप चिकटतो. मामा म्हणतात, मी लिहिले नाही, मला आले ते पाठविले. नात्याची सही घेऊन निनावी वाक्य घरात शिरते. १ जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांस जमावाने ठार मारले. तेथे निवडणूक नव्हती, पण वाट हीच होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि 'फॉरवर्डेड' अशी खूण लावण्यास आरंभ केला. ती खूण इतकेच सांगते की हे वाक्य समोरच्याचे नाही. कोणाचे आहे, ते सांगत नाही.

दुसऱ्यांस दोष देत असताना स्वतःचा झाकून ठेवणे बरे नव्हे. १९ एप्रिल २०२४ रोजी जबलपुरात लोकसभेचे मतदान झाले. त्यात सूक्ष्म निरीक्षक म्हणून आम्हांस एका मतदान केंद्रावर काम होते. दिवसभर प्रत्येक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली, सायंकाळी अहवालावर सही केली आणि रात्री घरी येऊन, थकल्या मनाने, एका चुलतभावाकडून आलेला अकरा सेकंदांचा तुकडा घरच्या ग्रुपवर ढकलला. तो महाराष्ट्रातील एका नेत्याचा होता. कोणाचा, ते येथे सांगण्याचे कारण नाही. अकोल्यास आमचे काका असतात. चाळीस वर्षे मराठी शिकविलेले गृहस्थ. त्यांनी विचारले, "हे वाक्य कोणाचे?" आम्ही उत्तर दिले, "व्हिडिओत दिसतेच आहे, काका." त्यावर ते म्हणाले, "दिसते ते तोंड. मी वाक्याविषयी विचारतो आहे."

पूर्ण भाषण शोधून ऐकले तेव्हा काकांचा प्रश्न उमगला. तो नेता प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढण्यासाठी आधी ते उच्चारून दाखवीत होता. व्याकरणात ज्यास अवतरणचिन्ह म्हणतात, नेमके तेवढेच कोणीतरी कापून टाकले होते. आम्ही तो तुकडा पुसला. परंतु तोपर्यंत त्यावर एका चुलतबहिणीच्या यजमानांत व धाकट्या भावात शब्दाला शब्द लागून गेला होता. दोघांनीही ग्रुप सोडला. त्या वर्षीच्या दिवाळीत भाऊबीजेस अकोल्याच्या घरी एक पाट रिकामा होता. अहवालावर सही करणारा व तुकडा ढकलणारा हात एकच होता, हे आम्ही काकांस पत्राने कळविले. नियम मोडला तो निराळाच.

या दुखण्याचे सर्वांत नवे रूप त्याच वर्षी १९ नोव्हेंबरच्या रात्री दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता महाराष्ट्रात मतदान सुरू व्हावयाचे होते. जाहीर सभांस बंदी असलेले ते अठ्ठेचाळीस तास चालू होते. अशा वेळी काही ध्वनिफिती पसरल्या आणि त्यांतील आवाज सुप्रिया सुळे व नाना पटोले यांचे असल्याचा आरोप झाला. आरोप करणारे नावाने पुढे होते. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचे जाहीर केले आणि निवडणूक आयोगाकडे व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. यंत्राने आवाज बनविता येऊ लागल्यापासून तोंड दिसणेही पुरेसे उरलेले नाही; काकांचा प्रश्न आता तोंडासही विचारावा लागतो.

त्या रात्री अकराच्या सुमारास अमरावतीहून मावशीचा फोन आला. "आवाज तर त्यांचाच वाटतो रे. तू सरकारात आहेस, तुला ठाऊक असेल." सुळे यांनी इन्कार केला आहे व तक्रार केली आहे, एवढेच आम्ही सांगू शकलो. "म्हणजे खरं काय?" तिने विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. "मग जिनं पाठवलं तिलाच विचारते," म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही चौकशी केली. मावशीस ती फीत तिच्या भजनी मंडळातील एका बाईंनी पाठविली होती, त्या बाईंस त्यांच्या जावयाने, आणि जावयास कोणी, ते त्याला सांगता आले नाही.